पदवीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या शाखेचा विषय कसा निवडावा?

बारावीचा निकाल लागून पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले, की सोलापुरातल्या महाविद्यालयांच्या प्रवेश खिडक्यांसमोर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : मुलाने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे, मग अर्जात त्याला वाणिज्य किंवा इतिहासाचा पेपर कशासाठी निवडायला सांगतात? मोहोळ, मंद्रूप किंवा अक्कलकोटहून एस.टी.ने आलेल्या पालकांना ही अर्जातली चूक वाटते, तर मुलांना तो नुसता एक भरायचा रकाना वाटतो आणि शेजारच्या मित्राने जे लिहिले तेच लिहून ती मोकळी होतात. वास्तविक हा रकाना राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या रचनेत केलेल्या मोठ्या बदलाचा भाग आहे, आणि तो विचार करून भरला तर त्याचा उपयोग होतो. पण विचार करायचा म्हणजे नेमके काय पाहायचे, हे अर्जावर लिहिलेले नसते.

मुळात रचना काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवणारा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ रोजी निघाला, २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून इतर संलग्न महाविद्यालयांत ही रचना लागू झाली. सोलापूर जिल्ह्यातली महाविद्यालये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. २००४ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते असल्यामुळे बार्शीत काय आणि पंढरपुरात काय, संलग्न महाविद्यालयांतला आराखडा एकच असतो. स्वायत्त महाविद्यालये मात्र आपला अभ्यासक्रम स्वतः तयार करतात.

या आराखड्यात एका सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. श्रेयांक म्हणजे क्रेडिट, अर्थात एखाद्या विषयाला दिलेले वजन. तासिकांच्या विषयात १ श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तास अध्यापन, आणि प्रात्यक्षिकाच्या विषयात १ श्रेयांकासाठी ३० तास. त्यामुळे २ श्रेयांकांचा लेखी विषय म्हणजे सत्रात ३० तास, आठवड्याला साधारण दोन तास. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा बराचसा हिशेब त्यावरच अवलंबून आहे.

या श्रेयांकांची वाटणी अनेक गटांत होते. ज्या विषयात पदवी घ्यायची तो मुख्य विषय, त्याच्या जोडीचा दुय्यम विषय, भाषा, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, पर्यावरण आणि मूल्यशिक्षण, एन.एस.एस. किंवा क्रीडा यांसारखे सहअभ्यासक्रम अशी ही यादी लांबते. यातले बरेचसे ठरलेले असते आणि विद्यार्थ्याला फारसे डोके लावावे लागत नाही. खरी निवड दोन ठिकाणी करावी लागते. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी आपल्याच शाखेतले दोन किंवा तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मुख्य म्हणून पक्का करायचा असतो. ही पहिली निवड. दुसरी निवड खुल्या ऐच्छिक विषयाची, ज्याला सगळे जण ओपन इलेक्टिव्ह किंवा नुसते 'ओ.ई.' म्हणतात. तीन वर्षांच्या पदवीत या खुल्या विषयांना मिळून १० ते १२ श्रेयांक असतात, आणि हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच असावा लागतो.

'बाहेरचा' म्हणजे किती बाहेरचा?

येथे पहिला गोंधळ होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्यापीठात चार विद्याशाखा असतात : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. आपण बोलताना कला, वाणिज्य, विज्ञान म्हणतो त्याच्याशी हे बरेचसे जुळते, पण पूर्णपणे नाही. इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थिनीला वाटते, की अर्थशास्त्र हा आपल्यासाठी वेगळा विषय आहे, तेव्हा तोच ऐच्छिक म्हणून घ्यावा. पण हे दोन्ही विषय साधारणपणे मानवविज्ञान विद्याशाखेतच मोडत असल्याने तिला वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या यादीतून निवड करावी लागते. शिक्षणशास्त्र, पत्रकारिता, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र असे विषय आंतरविद्याशाखीय गटात येतात, ही गोष्ट तर पुष्कळांच्या गावीही नसते. महाविद्यालयाने जी यादी दिलेली असते, जिला सर्वत्र बास्केट म्हणतात, ती विद्याशाखांनुसारच केलेली असते. तेव्हा आपली शाखा सोडून उरलेल्या याद्या आधी पूर्ण वाचून काढाव्यात.

तोंडओळखीचे विषय दोन जातींचे असतात

माझ्या मते सगळ्या निवडीचा कळीचा मुद्दा हाच आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. 'परिचय', 'मूलतत्त्वे', 'ओळख' अशी शीर्षके असलेले सगळे अभ्यासक्रम सारखे नसतात.

काही अभ्यासक्रम त्या विषयाची पहिली पायरी म्हणून तयार केलेले असतात. रसायनशास्त्राच्या पहिल्या सत्रात अणुरचना आणि रासायनिक बंध शिकवतात, कारण पुढच्या सत्रांत येणाऱ्या अभिक्रिया त्यांच्याशिवाय कळत नाहीत. तिथे शिकवलेल्या गोष्टीचा अर्थ पुढे गेल्यावर उलगडतो. पहिल्याच पायरीवर थांबणाऱ्याच्या हाती फक्त व्याख्या उरतात. दुसऱ्या जातीचे अभ्यासक्रम मात्र 'हा विद्यार्थी पुन्हा आपल्या वर्गात येणार नाही' हे गृहीत धरून बांधलेले असतात. स्वयंपाकघरातील रसायने, दैनंदिन जीवनातील संख्याशास्त्र, वैयक्तिक अर्थनियोजन अशा विषयांचा आवाकाच तीस तासांचा असतो आणि त्या तीस तासांत तो पूर्ण होतो.

शाखेबाहेरचा विषय म्हणून दुसऱ्या जातीचा अभ्यासक्रम घ्यावा आणि दुसऱ्या वर्षी जो मुख्य किंवा दुय्यम विषय होण्याची शक्यता आहे, तिथे पहिल्या जातीचा घ्यावा, हे साधे सूत्र बहुतेकांना पुरते. उलट केले तर फसगत होते. नाव भारदस्त म्हणून घेतलेला पायाभूत पेपर अर्ध्यावर सोडलेल्या जिन्यासारखा राहतो, आणि मुख्य विषयाचा पाया मात्र कच्चा राहतो.

शीर्षकापेक्षा अभ्यासक्रमाचे पान वाचावे

मग हे ओळखायचे कसे? प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात असतो. २ श्रेयांकांच्या विषयाचा अभ्यासक्रम सहसा दोन-तीन पानांत मावतो. त्यात घटक, प्रत्येक घटकाचे तास, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यावे), संदर्भग्रंथ आणि परीक्षेची पद्धत इतके दिलेले असते. दहा मिनिटांत वाचून होणारा हा मजकूर प्रवेशाच्या धामधुमीत जवळजवळ कोणीही वाचत नाही.

तो वाचताना क्रियापदांकडे पाहावे. 'अर्थ सांगणे, व्याख्या देणे, वैशिष्ट्ये स्पष्ट करणे, महत्त्व विशद करणे' एवढीच क्रियापदे सगळीकडे असतील तर तो पाठांतराचा विषय आहे असे समजायला हरकत नाही. 'पत्रक तयार करणे, नकाशा वाचणे, उदाहरण सोडवणे, मुलाखत घेणे, तुलना करणे' अशी क्रियापदे असतील तर तीस तासांनंतर विद्यार्थ्याला काहीतरी करता येईल अशी अपेक्षा धरता येते.

हिशेबशास्त्राचा परिचय घेऊ. बी.ए.च्या किंवा बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला द्विनोंदी पद्धत शिकून काय मिळते? आपण बँकेत १०,००० रुपये भरले, की पासबुकात ती रक्कम 'जमा' म्हणून दिसते. पण आपल्या स्वतःच्या वहीत बँकेचे खाते मांडले तर तीच रक्कम 'नावे' बाजूला लिहावी लागते. ऐकताना हे उलटे वाटते. कारण असे, की पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. बँकेच्या दृष्टीने ते १०,००० रुपये तिने आपल्याला देणे आहे, आणि आपल्या दृष्टीने ते बँकेकडून आपले येणे आहे. एकच व्यवहार दोन बाजूंनी लिहिला जातो. ही एक गोष्ट नीट समजली, की एखाद्या टॉवेल कारखान्याचा ताळेबंद असो वा गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल, विद्यार्थी तो निदान उघडून वाचायला धजावतो. यंत्रमाग आणि व्यापाराच्या या शहरात घरचा किंवा नात्यातला छोटा धंदा असलेली मुले पुष्कळ आहेत. त्यांनी इतिहासात पदवी घेतली तरी हा विषय वाया जात नाही.

संख्याशास्त्राच्या परिचयाचेही तसेच. एखाद्या ठिकाणी नऊ कामगारांना दरमहा १२,००० रुपये मिळतात आणि दहाव्या माणसाला, म्हणजे मालकाला, १,३२,००० रुपये मिळतात असे धरू. दहा जणांची सरासरी २४,००० रुपये येते, पण त्या दहांपैकी एकालाही २४,००० मिळत नाहीत. सगळी रक्कम चढत्या क्रमाने मांडून मधली किंमत पाहिली तर ती १२,००० येते. हिला मध्यक म्हणतात, आणि इथली परिस्थिती मध्यकच खरी सांगतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा पत्रकारितेकडे जाणाऱ्याला ही दृष्टी असणे फार उपयोगाचे ठरते. त्यासाठी बारावीला गणित असावेच लागते असे नाही. बेरीज, भागाकार आणि आलेख वाचण्याची तयारी असली तरी सुरुवातीच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग झेपतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी मी भूगोलाचे नाव आवर्जून घेईन. स्थलदर्शक नकाशाचे प्रमाण १:५०,००० असेल तर नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. समोच्च रेषा जिथे दाट तिथे उतार तीव्र. हे शिकलेला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळरान प्रदेश किंवा उजनीच्या कालव्याखालचा पट्टा नकाशावर वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सोलापूर का येते आणि भीमेला पूर येऊनही जिल्ह्यात दुष्काळ का असतो, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला माती आणि पाऊसमान यांची ही समज कुठे ना कुठे लागतेच.

'मग सोपा विषय घेऊन गुण का मिळवू नयेत?'

हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि तो टाळून उपयोग नाही. कमी अभ्यासात जास्त गुण देणारे विषय असतात, आणि वरच्या वर्गातली मुले त्यांची नावे पहिल्याच दिवशी सांगतात. तेव्हा आकडेच पाहू.

गुणपत्रिकेवरची सत्राची सरासरी श्रेणी काढताना प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणाला, म्हणजे दहापैकी मिळालेल्या ग्रेड पॉइंटला, त्याच्या श्रेयांकांनी गुणतात, त्यांची बेरीज करतात आणि एकूण श्रेयांकांनी भागतात. बाजारात ६० रुपये दराची ४ किलो आणि ४५ रुपये दराची २ किलो ज्वारी एकत्र केली, तर मिश्रणाचा दर ५२.५० रुपये पडत नाही, ५५ रुपये पडतो, कारण महाग ज्वारीचे वजन जास्त आहे. श्रेयांकांचे गणितही असेच चालते.

२२ श्रेयांकांच्या सत्रात २ श्रेयांकांचा सोपा विषय घेऊन कोणी दोन श्रेणीगुण जास्त मिळवले, म्हणजे ७ ऐवजी ९, तर सत्राच्या सरासरीत ४ भागिले २२, म्हणजे सुमारे ०.१८ ची भर पडते. तेवढीच सुधारणा ४ श्रेयांकांच्या मुख्य विषयात केली तर ०.३६ ची पडते. १३२ श्रेयांकांच्या संपूर्ण पदवीच्या अंगाने पाहिले, तर एका सोप्या विषयाचा फायदा ०.०३ इतकाच उरतो, आणि खुल्या गटाचे बाराच्या बारा श्रेयांक सोप्या विषयांनी भरून प्रत्येकात दोन श्रेणीगुण वाढले तरी अंतिम सरासरी फार तर ०.१८ ने वर जाते. ज्याला पदव्युत्तर प्रवेशासाठी नेमकी सीमारेषा ओलांडायची आहे त्याला हे ०.१८ महत्त्वाचे वाटू शकते, हे मी मान्य करतो. इतरांनी मात्र एवढ्यासाठी तीन वर्षांतले १८० तास गहाण टाकावेत का, हा विचार करावा.

याची दुसरी बाजूही आहे. अवघड विषय घेऊन नापास होण्यात काही शौर्य नाही, कारण राहिलेल्या विषयाचे श्रेयांक मिळत नाहीत आणि ते पुन्हा परीक्षा देऊन मिळवावे लागतात. म्हणून अभ्यासक्रम वाचल्यावर गेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिकाही पाहावी, आणि अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण आहेत हे विचारावे. लेखी परीक्षेची भीती असणाऱ्याला प्रकल्प आणि सादरीकरणाला वजन देणारा विषय मानवतो.

'आम्हाला एम.पी.एस.सी. करायची आहे, बाकीचे विषय हवेत कशाला?'

सोलापुरातल्या अभ्यासिकांमधून हा प्रश्न सतत येतो. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यासाठी तर खुला ऐच्छिक विषय ही सोयच आहे. राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र किंवा आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास यांचा एखादा परिचयात्मक पेपर घेतला, तर सामान्य अध्ययनाच्या तयारीचा थोडा भाग पदवीच्या तासांतच होतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली असल्याने मानव्यविद्येच्या पेपरमध्ये सलग उत्तर लिहिण्याचा जो सराव होतो, त्याचाही उपयोग आहे. अर्थात २ श्रेयांकांचा पेपर म्हणजे स्पर्धा परीक्षेची तयारी नव्हे; त्याने फक्त पुस्तकांची आणि शब्दांची ओळख होते.

एक खबरदारी येथेच सांगितली पाहिजे. खुल्या ऐच्छिक विषयाच्या जोरावर त्या विषयात एम.ए. किंवा एम.एस्सी.ला प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नये. तसा विचार असेल तर १८ ते २० श्रेयांकांच्या दुय्यम विषयाकडे पाहावे, आणि ज्या विद्यापीठात पुढे जायचे त्याची पात्रता आधीच वाचून ठेवावी.

'इंग्रजीतून असेल तर झेपेल का?'

कोणत्या विषयाची पुस्तके मराठीत आहेत, तास कोणत्या भाषेत होतात आणि उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्ही विचारावेत. विज्ञानाचे विषय बहुधा इंग्रजीतून चालतात, मानव्यविद्येचे आणि वाणिज्यचे पुष्कळ विषय मराठीतून घेता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या बी.ए.च्या विद्यार्थिनीने विज्ञानाचा पेपर टाळावाच असे नाही, पण तिने आकृत्या आणि प्रात्यक्षिके जास्त असलेला पेपर निवडावा. दीर्घोत्तरी प्रश्नांवर उभा असलेला नको.

भाषेच्या गटाविषयीही दोन शब्द. या शहरात घरात तेलुगू किंवा कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. महाविद्यालयात या भाषांचा पर्याय असेल, तर घरी बोलली जाणारी पण वाचता न येणारी भाषा लिपीसकट शिकण्याची ही संधी असते. मला तरी ती दवडण्यासारखी वाटत नाही.

'यादी मोठी, पण प्रत्यक्षात पर्याय दोनच'

ही तक्रार सर्वांत खरी आहे. विद्यापीठाच्या यादीत कितीही विषय असले तरी महाविद्यालयात तो शिकवणारा शिक्षक हवा, वेळापत्रकात जागा हवी आणि वर्ग चालवण्याइतके विद्यार्थी हवेत. एकाच शाखेच्या महाविद्यालयात ही अडचण जास्त असते, कारण तिथे दुसऱ्या शाखेचे शिक्षकच नसतात. अनेकदा खुला ऐच्छिक विषय सकाळच्या पहिल्या किंवा शेवटच्या तासाला टाकतात, आणि गावाकडची एस.टी. त्या वेळेत बसत नाही. म्हणूनच अर्ज भरण्याआधी विचारायचे प्रश्न अगदी व्यवहारी असावेत : यातले कोणते विषय मागच्या वर्षी खरोखर चालले, शिकवणारे शिक्षक त्याच विषयाचे आहेत का, तास कोणत्या वेळी आहे, आणि विद्यार्थी कमी पडले तर आपल्याला कोणत्या विषयात टाकले जाईल. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर माहीत असले तर दुसरी पसंती विचारपूर्वक लिहिता येते.

पर्याय फारच तोकडे असतील तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन व्यासपीठाची चौकशी करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून पूर्ण करता येतात, मात्र संस्थेची मान्यता आधी घ्यावी लागते. नोंदणी करून नंतर परवानगी मागणाऱ्याची अडचण होते. मिळालेले श्रेयांक ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात, तेव्हा ते खाते आणि अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा १२ अंकी ओळख क्रमांक, प्रवेशाच्या वेळीच तयार असावा. नाव आधारवर एक आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे असेल, तर ती दुरुस्ती आधी करून घ्यावी.

निवड चुकली तर?

बहुतेक महाविद्यालये सत्राच्या सुरुवातीला काही दिवस विषय बदलू देतात. ही मुदत सूचना फलकावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येते आणि विद्यापीठाकडे परीक्षा अर्ज गेल्यावर संपते. त्यामुळे खुल्या विषयाचे पहिले दोन-तीन तास बुडवू नयेत. अभ्यासक्रमाच्या पानावर जे कळत नाही ते या तासांत कळते. खुला विषय दर सत्राला नवा घेता येतो, त्यामुळे पहिल्या सत्रात चुकलेली निवड दुसऱ्या सत्रात दुरुस्त होते. मुख्य विषयाचे मात्र तसे नाही. पहिल्या वर्षी सोडून दिलेला विषय दुसऱ्या वर्षी मुख्य म्हणून घेता येत नाही, आणि म्हणून ज्या दोन विषयांत मन खरोखर दोलायमान आहे ते दोन्ही पहिल्या वर्षीच्या अर्जात असतील याची खात्री करूनच त्यावर सही करावी.